चेहऱ्यावर घामाच्या धारा : औषधाआधी कारण शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत त्वचारोगतज्ज्ञांकडे एक तक्रार हमखास वाढते. अंगावरचा शर्ट कोरडा, पण कपाळ, वरचा ओठ आणि केसांची कड यांतून घाम निथळतो आहे. दवाखान्यात येईपर्यंत बऱ्याच जणांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून एक मलम आणून लावलेले असते, पाणी कमी करून पाहिलेले असते आणि ‘अंगात उष्णता आहे’ असे घरच्यांनी ठरवून टाकलेले असते. हा घाम नेमका कशाचा, हा मूळ प्रश्न तसाच राहून जातो. चेहऱ्याला जास्त घाम येणे हा एकच एक आजार नाही. तो हवेमुळे येतो, मज्जातंतूंमुळे येतो, हार्मोनमुळे, चालू औषधांमुळे किंवा रक्तातली साखर उतरल्यामुळेही येतो. आरशात मात्र सगळा सारखाच दिसतो. कारण न शोधता उपाय केला की पैसे जातात आणि कधी कधी चेहराही बिघडतो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

हवेपासून सुरुवात करू. घामाने थंडावा मिळतो तो घाम वाळताना. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच टपटप गळून पडला तर त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर तो आणखी सोडत राहते. नाशिक-साताऱ्याहून ऐरोली-घणसोलीत नोकरीला आलेल्या मुलामुलींना सुरुवातीला वाटते की आपल्याला काहीतरी झाले आहे. उष्ण हवेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, आणि जुळवून घेतलेल्या शरीराला घाम कमी येत नाही. तो लवकर सुटतो आणि जास्त सुटतो. सकाळच्या गर्दीत ठाणे स्थानकाचा पूल चढताना कपाळ भिजणे हा आजार नव्हे. पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे बसल्यावर ते कोरडे झाले, तर औषधाची गरज नाही.

एसीत शांत बसूनही ज्यांचे कपाळ भिजते, त्यांची गोष्ट वेगळी. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि कपाळावर त्यांची दाटी मोठी असते. या रुग्णांच्या ग्रंथी संख्येने जास्त नसतात. घाम सोडण्याचा निरोप आणणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंकडून तो गरजेपेक्षा जोरात आणि वारंवार येतो. तळहातांना घाम मुख्यतः मनावरच्या ताणाने फुटतो. कपाळाला मात्र उष्णता आणि ताण या दोन्हींचे निरोप पोचतात, म्हणून तिथे त्रास दुप्पट जाणवतो. याला प्रायमरी हायपरहायड्रोसिस म्हणतात आणि तो ओळखण्याचे निकष ठरलेले आहेत. उघड कारण नसताना असा घाम सहा महिन्यांहून अधिक काळ येत असावा. शिवाय पुढीलपैकी किमान दोन गोष्टी लागू पडाव्यात: दोन्ही बाजूंना सारखा येणे, आठवड्यातून निदान एकदा येणे, रोजच्या कामात अडथळा होणे, सुरुवात पंचविशीच्या आत होणे, घरात आणखी कुणाला असणे आणि झोपेत थांबणे. यातली शेवटची खूण घरच्या घरी सर्वांत उपयोगी. या प्रकारातला माणूस झोपला की त्याचे कपाळ कोरडे होते. झोपेत उशी भिजत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेला घामही आधी तपासायलाच हवा. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास छातीतून गरम लोट वर चढतो, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि काही मिनिटांत सगळे ओसरते. थायरॉइड जास्त काम करू लागला तर घामाबरोबर वजन उतरते, हात थरथरतात, छातीत धडधडते. टीएसएच ही एक रक्ततपासणी ते सांगते. रात्रीचा घाम, संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला आणि घटते वजन असे एकत्र असेल तर क्षयाची तपासणी टाळू नये. औषधांचा विचार तर फार कमी जण करतात. नैराश्यावरची सर्ट्रालिन, व्हेनलाफॅक्सिन यांसारखी औषधे, दुखण्यावरची ट्रॅमॅडॉल, गरजेपेक्षा जास्त झालेली थायरॉइडची गोळी, हे सगळे चेहऱ्याचा घाम वाढवतात. मात्र यातले कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका. नैराश्यावरची गोळी एकदम सोडली की चक्कर, अस्वस्थता असे वेगळेच त्रास सुरू होतात. डॉक्टर डोस किंवा औषध बदलून देऊ शकतात.

मधुमेह्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला अचानक दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, भूक खवळली, तर साखर मोजा. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजण्याची सोय जवळ नसेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर तेवढीच पुन्हा घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, जीव घाबरणे यांबरोबर गार घाम आला, तर तो त्वचारोगतज्ज्ञांचा विषयच नाही. १०८ ला फोन करा.

घाम एकाच बाजूला येत असेल तर त्याला कधीही क्षुल्लक समजू नये. अर्धा चेहरा घामाने लाल आणि अर्धा कोरडा, त्यातही कोरड्या बाजूची पापणी थोडी उतरलेली आणि बाहुली लहान असेल, तर छातीच्या वरच्या भागात, फुप्फुसाच्या टोकाशी मज्जातंतूवर दाब आहे का हे बघावे लागते. दुसरा एकतर्फी प्रकार जेवताना दिसतो. कानापुढच्या लालाग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या काही जणांना काही महिन्यांनी घास घेताच त्याच बाजूच्या गालावर घाम येऊ लागतो. लाळेकडे जाणारे मज्जातंतू पुन्हा वाढताना वाट चुकतात आणि त्वचेतल्या घर्मग्रंथींना जाऊन जुळतात. पोलंडच्या डॉक्टर लुत्सिया फ्राय यांनी १९२३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला फ्राय सिंड्रोम म्हणतात. जुन्या मधुमेहातही जेवताना चेहरा आणि मान भिजते. मामलेदारची मिसळ खाताना नाकावर घाम येणे वेगळे. मिरचीतले कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्याच मज्जातंतूंना चेतवते, आणि तसे सर्वांनाच होते. वरण-भात खातानाही गाल ओला होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

घाम नेमका कुठून येतो हे पाहण्याची एक जुनी, स्वस्त तपासणी आहे. कपाळ कोरडे करून त्यावर आयोडिनचे द्रावण लावतात, ते वाळले की वर कॉर्नफ्लोअर भुरभुरतात. काही मिनिटांत जिथे घामाचा थेंब फुटतो तिथे पिठावर बारीक निळा-काळा ठिपका उमटतो, आणि बघता बघता ठिपक्यांचा पट्टा तयार होतो. कुणाचा पट्टा केसांच्या कडेला, कुणाचा दोन्ही कानशिलांवर, कुणाचा फक्त वरच्या ओठावर. उपचार तेवढ्याच जागेवर करता येतो. आयोडिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मात्र ती करू नये.

आता उपायांकडे. बाहेरून लावायच्या औषधांत पहिले अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे लोशन. दाढीनंतर सलूनमध्ये फिरवतात ती तुरटी हाही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार, पण घामावर तिचा परिणाम तात्पुरता आणि तोकडा. लोशनमधला क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी प्रथिनांबरोबर साकळून बारीक बूच बसवतो. काखेसाठी २० टक्क्यांचे लोशन चालते. चेहऱ्याची कातडी नाजूक, म्हणून सुरुवात कमी तीव्रतेने करतात. या औषधाबद्दलची बहुतेक नाराजी ते लावण्याच्या पद्धतीतून येते. सकाळी आंघोळ करून, ओलसर कपाळावर, घाईत लावून लोकलला पळायचे, हा हमखास फसणारा प्रकार. ओल्या त्वचेवर या क्षारातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि कपाळ चरचरते; शिवाय घाम वाहत असताना औषध नळीत टिकत नाही, वाहून जाते. रात्री झोपण्यापूर्वी लावा. चेहरा धुऊन पुसल्यावर वीस मिनिटे पंख्याखाली बसा, टिश्यू कपाळावर दाबून तो कोरडाच निघतो याची खात्री करा, मग पातळ थर, भुवईपासून दोन बोटे जागा सोडून. सकाळी साध्या पाण्याने धुवा. पहिल्यांदा कपाळाच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर दोन रात्री लावून पाहा. लाली आली नाही तर आठवडा-दहा दिवस रोज, पुढे आठवड्यातून एक-दोनदा पुरते. दाढी केली असेल त्या रात्री, किंवा त्वचा सोललेली असेल तेव्हा नको.

दुसरे, आणि चेहऱ्यासाठी आमच्या मते जास्त सोयीचे, ग्लायकोपायरोलेटचे लावायचे औषध. ते मज्जातंतूचा निरोप ग्रंथीपाशीच अडवते. फ्राय सिंड्रोममध्ये आणि मधुमेह्यांच्या जेवतानाच्या घामात ते विशेष चांगले चालते. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे लागते: लावल्याबरोबर हात साबणाने धुवायचे. त्याच बोटाने डोळा चोळला तर बाहुली मोठी होते आणि कित्येक तास जवळचे धूसर दिसते. गाडी चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवावेच.

गोळ्यांचा मोह मोठा असतो, कारण त्या लवकर गुण देतात. ऑक्सिब्युटिनिन साधारण अडीच मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. ग्लायकोपायरोलेट १ ते २ मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी, कारण जेवणाबरोबर ते नीट शोषले जात नाही. तोंड कोरडे पडणे आणि बद्धकोष्ठता हे दोन्हींचे नेहमीचे दुष्परिणाम. काचबिंदूचा एक प्रकार, प्रोस्टेटमुळे लघवी अडणे, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असणाऱ्यांनी त्या घेऊ नयेत. वयस्करांमध्ये, विशेषतः ऑक्सिब्युटिनिनने, विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे या गोळ्या घाम फक्त कपाळाचा थांबवत नाहीत, अख्ख्या अंगाचा कमी करतात. खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. दमट उन्हात शरीराकडे घामाखेरीज दुसरा बचाव नसतो. उन्हात तासन् तास उभे राहायचे असेल, सामना खेळायचा असेल, नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भट्टीजवळची पाळी असेल, तर त्या दिवसाच्या गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा. रिक्षाचालक, वाहतूक पोलीस, बांधकामावरचे मजूर यांना आम्ही या गोळ्या शक्यतो देऊच नयेत अशा मताचे आहोत.

भाषण, मुलाखत, तोंडी परीक्षा एवढ्यापुरताच घाम येणाऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल १० ते २० मिलिग्रॅम, कार्यक्रमाच्या तासभर आधी, असे देता येते. दमा असलेल्यांना ते चालत नाही. मधुमेह्यांनी विशेष सावध राहावे: साखर उतरल्याची धडधड आणि थरथर हे औषध झाकून टाकते, घाम तेवढा झाकत नाही. म्हणजे त्यांच्यासाठी तो घामच मुख्य इशारा उरतो.

बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल गैरसमज खूप आहेत. कपाळावर एक ते दोन सेंटिमीटर अंतराने, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन युनिट, असे कातडीत वरवर टोचतात. तीन ते सात दिवसांत घाम कमी होतो आणि परिणाम साधारण चार ते सहा महिने टिकतो. मग पुन्हा घ्यावे लागते. भुवईच्या फार जवळ किंवा खोल टोचले तर भुवई जड होऊन खाली येते. ते आठवड्यांनी भरून येते, पण तोवर चेहरा थकलेला दिसतो. दोन कंपन्यांची युनिटे सारखी नसतात. ‘अमुक ठिकाणी शंभर युनिट एवढ्याला मिळतात’ अशी तुलना करण्याआधी औषधाचे नाव विचारा, कुपी समोर फोडायला सांगा. गरोदरपणात नको. छातीतली सिंपथेटिक मज्जातंतूची साखळी कापण्याची शस्त्रक्रिया मात्र चेहऱ्याच्या घामासाठी आम्ही अगदी शेवटी ठेवू. चेहरा कोरडा होतो, पण पाठ, पोट, मांड्या यांतून त्याची भरपाई सुरू होते, कित्येकांना ती आधीपेक्षा जास्त छळते आणि कापलेले पुन्हा जोडून भागत नाही. हातापायांच्या घामासाठी वापरतात ते पाण्यातून सौम्य वीज सोडणारे यंत्र चेहऱ्याला सहसा सोयीचे नसते.

सुरुवातीला ज्या मलमाचा उल्लेख केला, त्याबद्दल. घामाने कपाळावर घामोळे येते, खाज सुटते, आणि दुकानातून स्टिरॉइड, अँटिबायोटिक व बुरशीचे औषध एकत्र असलेली ट्यूब आणली जाते. चार दिवस चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. मग ट्यूब थांबवली की आग, लाली, पुटकुळ्या. पुन्हा लावली की आराम. काही महिन्यांत कातडी पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि नायटा झालेला असेल तर तो ओळखू न येण्याइतका पसरतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी स्टिरॉइडची अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये घातली आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ती चेहऱ्यासाठी स्वतःहून घेऊ नका. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा. घामोळ्याला मोकळी हवा, गार पाणी आणि कॅलामाइन पुरते.

रोजच्या सवयींत थोडेच बदल लागतात. चेहरा खसाखसा पुसू नका, सुती रुमाल दाबून टिपा; घासल्याने खाज आणि काळेपणा वाढतो. दिवसातून दोन वेळा सौम्य फेसवॉश बस, एरवी नुसते पाणी. ओल्या कपाळावर पावडर थापली की तिचे गोळे होऊन घामाची तोंडे बुजतात. सनस्क्रीन क्रीमऐवजी जेल घ्या, घराबाहेर पडण्याच्या वीस मिनिटे आधी लावा आणि भुवईलगतची पट्टी सोडा. घामाने डोळे झोंबतात त्यात मिठाइतकाच वाहून आलेल्या सनस्क्रीनचा हात असतो. घोडबंदर रोडला रोज तासभर हेल्मेटमध्ये असणाऱ्यांनी आतले अस्तर आठवड्यातून एकदा काढून शाम्पूने धुऊन सावलीत वाळवावे. खाली पातळ सुती टोपी चालेल, जाड रुमाल नको, त्याने हेल्मेट सैल बसते आणि अपघातात कामाला येत नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिटी पडते ती बाजू आणि गॅस यांपासून पंख्याचा झोत तिरपा ठेवा, खिडकी उघडी. पाणी कमी करू नका. घाम तेवढाच येतो आणि मुतखड्याचा धोका तेवढा वाढतो.

नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांनाही एक विनंती. उमेदवाराच्या कपाळावरचा घाम म्हणजे तो घाबरट किंवा खोटारडा, असा अर्थ काढू नका. ‘सगळे माझ्या कपाळाकडे बघताहेत’ ही जाणीव घाम आणखी वाढवते, आणि वाढलेला घाम ती जाणीव. हे चक्र समुपदेशनाने सैल होते. ते सैल करण्यात समोरच्याचाही वाटा असतो. उन्हातून आलेल्या माणसाला दहा मिनिटे गार जागेत बसू द्यावे, टेबलावर पाणी आणि टिश्यू ठेवावेत. एवढे करायला खर्च येत नाही. शाळांनी परीक्षेत रुमाल काढण्यावर बंदी घालू नये.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर आधी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करा. ठाण्यात कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या न्या, आयुर्वेदिक चूर्णे आणि लावलेली ट्यूबसुद्धा. घाम केव्हा सुरू झाला, झोपेत येतो का, जेवताना येतो का, घरात कुणाला आहे का, हे एका कागदावर लिहून ठेवा. आणि घाम एकाच बाजूला येत असेल तर आला त्या वेळी मोबाईलवर समोरून, उजेडात फोटो काढून ठेवा. दवाखान्यात बसल्यावर तो दिसेलच असे नाही.

कळावे,
त्वचारोग उपचार क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर,
ठाणे